मालक गेले तरी क्लब राहिला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरचं खेळाचं पान रोज वाचतो, पण जुलै २०२५ पासून भारतीय फुटबॉलमध्ये जे काही चाललंय त्याच्या आल्या त्या एक-दोन छोट्या चौकटीच. म्हणून लिहितोय. पत्र थोडं लांबलंय, शक्यतो कापू नका.

मी नाशिकरोडला राहतो आणि मुंबई सिटी एफसीचा सपोर्टर आहे. नाशिकला स्वतःची मोठी टीम नाही, पुण्याची होती ती बंद पडली, त्यामुळे आमच्यासारख्यांना आपली म्हणावी अशी वरच्या लीगमधली टीम म्हणजे मुंबई सिटीच. अंधेरीला मॅच असली की पंचवटीने किंवा मिळेल त्या गाडीने जायचं, आझादनगर मेट्रोला उतरायचं, आत आमच्या फॅन ग्रुपचे, वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाल्यांचे ढोल चालू असतात त्यांच्यात जाऊन उभं राहायचं. साडेनवाला मॅच संपते, मग खरी धावपळ. थेट गाडी सापडली तर ठीक, नाहीतर लोकलने कसारा, आणि कसाऱ्याला स्टेशनबाहेर शेअर टॅक्सीवाला सीट भरेपर्यंत हलत नाही, मग तिथेच चहा घेत आमच्या छांगटेने तो चान्स कसा घालवला यावर भांडायचं, घाट चढून घरी यायला रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळी ड्युटी असतेच. एवढं करणारी पोरं नाशिकमध्ये आहेत हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही.

आता सीझनचं. मे २०२४ मध्ये आम्ही कोलकात्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागानला त्यांच्याच लोकांसमोर ३-१ हरवून आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, देशातली टॉपची लीग) कप आणला, आणि पुढचा सीझन सुरू होईपर्यंत टीम अर्धी रिकामी. आपुइया मोहन बागानला गेला, राहुल भेके आणि परेरा दियाझ बेंगळुरूला. चॅम्पियन टीम अशी उचकटल्यावर जे व्हायचं तेच झालं, २४ मॅचमध्ये ९ जिंकल्या आणि ९ ड्रॉ केल्या, ३६ पॉइंट घेऊन सहावा नंबर. शेवटच्या लीग मॅचला बेंगळुरूला त्यांच्या ग्राउंडवर २-० हरवून प्लेऑफ गाठली तेव्हा वाटलं की गाडी रुळावर आली, आणि त्याच महिन्यात त्याच कांतीरवा स्टेडियमवर त्याच बेंगळुरूने प्लेऑफमध्ये ५-० ने धुतलं. पाच गोल खाल्ल्याचं दुःख आहेच, पण ते खेळातलं दुःख आहे, पुढच्या वर्षी भरून काढता येतं.

त्यानंतर जे झालं ते मात्र भरून काढता येत नाही. ११ जुलै २०२५ ला कळलं की पुढची आयएसएल होल्डवर. कारण काय तर २०१० साली ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनने रिलायन्सवाल्या कंपनीशी १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला होता, म्हणजे वर्षाला साधारण ५० कोटी फेडरेशनला मिळायचे, तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढे काय याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पंधरा वर्षं आधीपासून तारीख माहीत होती, तरी नव्हतं. फेडरेशनच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात अडकलेला, तो सप्टेंबरमध्ये सुटला, मग टेंडर काढलं, आणि ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. एवढ्या मोठ्या देशाची टॉपची लीग चालवायला एकसुद्धा कंपनी पुढे आली नाही, आणि ही बातमी आपल्याकडे किती पेपरांत पहिल्या पानावर होती सांगा.

मधल्या काळात बेंगळुरूने खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले, चेन्नईयिनने काम बंद केलं. आमची टीम सुपर कपमध्ये सेमीपर्यंत गेली, तिथे गोव्याने २-१ हरवलं. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे मँचेस्टर सिटीवाले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आमच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यांच्या काळात आम्ही २०२०-२१ ला शील्ड (लीग टेबलात पहिला नंबर आल्याची) आणि कप (प्लेऑफ जिंकल्याचा) दोन्ही जिंकलो, २०२२-२३ ला परत शील्ड, २०२४ ला परत कप. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब झालो. सौदीची अल हिलाल नवी मुंबईत येऊन खेळून गेली, डी. वाय. पाटीलला. त्यांचा नेमार जखमी होता म्हणून आला नाही, तरी ती संध्याकाळ आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. हे सगळं त्यांनी दिलं हे मान्यच करतो, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. लीगचंच काही ठरेना म्हणून गेले, कोणीही धंदेवाला गेला असता. क्लब आता परत रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे आलाय. ते थांबले यासाठी त्यांचे आभार मानायला हवेत, मनापासून मानतो.

पण माझा प्रश्न पुढचा आहे. तेही उद्या थकले तर?

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो बघा. महिंद्र युनायटेड २००५-०६ ला देशाची चॅम्पियन होती, २०१० ला बंद. मुंबई एफसी नऊ सीझन आय-लीग (तेव्हाची देशातली मोठी लीग) खेळली, २०१७ ला खालच्या लीगमध्ये गेली आणि संपलीच. पुणे एफसी २०१२-१३ ला देशात दुसरी आली होती, दोन वर्षांत सीनियर टीम बंद. भारत एफसी एकच सीझन टिकली. एफसी पुणे सिटी २०१७-१८ ला आयएसएलच्या सेमीत होती, बालेवाडीला भगव्या जर्सीतली पोरं नाचत होती, २०१९ ला क्लबच गुंडाळला आणि जागा हैदराबादला गेली. आता हैदराबादचाही क्लब दिल्लीला गेला. यातला एकही क्लब मैदानावर हरल्यामुळे बंद झाला असं मी म्हणणार नाही, मुंबई एफसी खाली गेली होती पण खाली गेलेला क्लब परत वर येऊ शकतो, बंद केलेला येत नाही. प्रत्येक वेळी एकच, पैसे लावणाऱ्याने हात काढला आणि मागे कोणीच नव्हतं.

पैशाचं गणित अवघड नाहीये. अंधेरीचं ग्राउंड सात हजारांच्या आसपासचं. समजा दर मॅचला पूर्ण भरलं आणि सरासरी ३०० रुपये तिकीट धरलं तर एका मॅचचे २१ लाख, सीझनला १२ होम मॅच म्हणजे अडीच कोटी. आणि भरतं कुठे दर वेळी! परदेशी खेळाडू, कोच, विमानाची तिकिटं, हॉटेलं, युवा टीम, अडीच कोटीत यातलं किती बसेल? म्हणजे उरलेलं सगळं स्पॉन्सर, टीव्हीचे पैसे आणि मालकाचा खिसा यावर. टीव्हीचे पैसे लीग असेल तर येणार, स्पॉन्सर टीव्ही असेल तर येणार, म्हणजे शेवटी खिसाच. आयएसएलचे क्लब तोट्यात चालतात हे क्लबवाले स्वतः सांगतात, पण आमच्या क्लबचा तोटा किती, कशावर खर्च होतो, अंडर-१७ च्या पोरांवर किती जातो, हे कोणी फॅन्ससमोर बसून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीला दहा हजार लागले तरी सर्वसाधारण सभेत हिशोब मांडावा लागतो.

मला म्हणायचंय ते एवढंच की क्लबने दर सीझनच्या शेवटी फॅन्सना हिशोब दाखवावा आणि पैसे देऊन सभासद व्हायची सोय करावी. फुकट काही नको. या सीझनला (२०२५-२६) लीग खेळायला प्रत्येक क्लबला एक कोटी पार्टिसिपेशन फी भरावी लागतेय. दहा हजार फॅन्सनी वर्षाला हजार रुपये दिले तर तेवढे होतात. दहा हजार सभासद मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक मिळून होणार नाहीत असं मला वाटत नाही, पहिल्या वर्षी नाही झाले तर तिसऱ्या वर्षी होतील. त्या पैशावर टीम चालणार नाही हे मला कळतं. पण सभासदांचा एक माणूस बोर्डावर बसला तर आपुइयासारखा खेळाडू विकताना, ग्राउंड बदलताना, आणि देव न करो पण क्लब बंद करायचा किंवा दुसऱ्या शहरात न्यायचा विषय निघाला तर कोणीतरी समोरून विचारणारा असेल. जर्मनीत तर मतदानाचे अर्ध्याहून जास्त हक्क सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे, काही क्लबांना सूट आहे पण नियम आहे. आपल्याकडे लगेच तेवढं होणार नाही, एका खुर्चीपासून सुरुवात करा.

आणि फॅन्सनी आवाज काढला तर होतं, हे आपल्याच देशात झालंय. मोहन बागान १८८९ चा क्लब, त्याच्या नावाला एटीके हे दुसऱ्या क्लबचं नाव जोडलं गेलं तेव्हा त्यांचे लोक तीन वर्षं पोस्टर घेऊन, मॅचवर बहिष्कार टाकून भांडले, आणि मार्च २०२३ ला गोव्यात कप जिंकल्याच्या रात्रीच मालकाने जाहीर केलं की एटीके काढतोय. तिथे मालकाचे पैसे पण राहिले आणि लोकांचं नाव पण राहिलं.

लांब कशाला, कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, ह्या पेठांच्या आणि तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमला लोकल मॅचला एवढे लोक येतात की आयएसएलच्या काही क्लबांना हेवा वाटावा. तिथेही पैशाची चणचण असते, कधी कधी राडे होतात तेही खरं, ते व्हायला नकोत. पण एखादा देणगीदार गेला म्हणून पाटाकडील बंद झाली असं कोल्हापुरात कोणी बोलून तर दाखवावं! तिथल्या पोराला माहीत असतं की टीम आपल्या पेठेची आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारताकडून खेळला.

नाशिकच्या पोरांचं काय हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. देवळाली कॅम्प, नाशिकरोड, सिडको, इकडे शाळेत असताना चांगली खेळणारी मुलं मी बघितलीत, दहावीनंतर बूट माळ्यावर जातात. कारण वर जायला शिडी नाही. मुंबई सिटीसारख्या क्लबने इथे वर्षातून दोनदा ट्रायल्स ठेवल्या तरी फरक पडेल, पण जो क्लब स्वतः पुढच्या वर्षी असेल का हे सांगू शकत नाही त्याच्याकडे ट्रायल्स मागायच्या कशा? जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांनी व्हिडिओ काढून फिफाकडे मदत मागितली. देशासाठी शंभरपेक्षा जास्त मॅच खेळलेला छेत्री कॅमेऱ्यासमोर आम्हाला खेळू द्या म्हणतोय, हे बघून माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याने विचारलं, काका, यांना पण ग्राउंड मिळत नाही का? त्याला काय सांगू.

आता क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलंय की १४ फेब्रुवारी २०२६ पासून आयएसएल होणार, १४ क्लब, एकमेकांशी एकेकच मॅच, म्हणजे ९१ मॅच. होतेय याचा आनंद आहे, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर रात्री एकपर्यंत मेसेज चालू होते. पण ही एका वर्षाची सोय आहे. पुढच्या वर्षाचं, त्याच्या पुढच्या वर्षाचं अजून लेखी काही दिसत नाही, क्लबांनी स्वतःच लीग चालवायचा प्रस्ताव दिलाय त्याचं काय होणार तेही बघायचं. लीग क्लबांच्या हातात जाणार असेल तर मग क्लब कोणाच्या हातात हे विचारायची वेळ आत्ताच आहे, सगळं ठरून गेल्यावर फॅन्सना कोण विचारणार.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, १४ तारखेपासून रोज आयएसएलचे निकाल आणि पॉइंट टेबल छापा, प्रीमियर लीगचं टेबल तुम्ही छापताच, त्याच्या शेजारी तेवढीच जागा पुरे. दोन, तुमचे मुंबईचे रिपोर्टर क्लबच्या प्रेस कॉन्फरन्सला जात असतील तर स्कोअर आणि दुखापतींसोबत एवढं विचाराच, की या वर्षीचा खर्च कुठून येतोय, पुढच्या वर्षाची तरतूद आहे का, आणि फॅन्सना सभासद करून घेणार का. उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तरी विचारलं होतं असं छापा.

कळावे,
आपला एक वाचक,
नाशिकरोड