मावशी, घास कधी पुढे करायचा ते तुम्ही शिकवलंत

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची लेक तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. गेल्या महिन्यात माझा पीएचडीचा प्रबंध सादर झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "माझं कशाला?" म्हणून तिथे नुसतं 'मावशी' छापलंय. माझ्या आजोबांना त्यांच्या आजारपणात तुम्ही सांभाळलंत; त्या एका शब्दामागे किती काय आहे हे प्रबंध चाळणाऱ्याला कळायचं नाही, आणि ते माझ्या मनाला पटत नाही. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

मी तिकडे अमेरिकेत, पिट्सबर्गला नेमकं काय करते, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. तेव्हा मला धड सांगता आलं नाही. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हीलचेअरला बसवायचे यांत्रिक हात असतात. कॅनडातल्या किनोव्हा कंपनीचा 'जाको' हा त्यातला एक, आमच्या प्रयोगांत बराच वापरला जाणारा. त्याला सहा सांधे आहेत, पण जॉयस्टिकने एका वेळी दोन-तीन हालचालीच करता येतात. हात पुढे न्यायचा, मग बटण दाबून मोड बदलायचा, मनगट वळवायचं, पुन्हा मोड बदलायचा, मग बोटं मिटायची. घास तोंडाशी येईपर्यंत माणूस दमून जातो. म्हणून त्याच्या मनात काय आहे ते यंत्रानेच ओळखावं आणि उरलेली हालचाल स्वतःच करावी, अशी या संशोधनाची धडपड आहे.

मनातलं ओळखायची एक रीत मी राहते त्याच पिट्सबर्गमध्ये घडली. 2008 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रायन झीबार्ट आणि सहकाऱ्यांनी 25 टॅक्सीचालकांच्या जीपीएसच्या नोंदी घेतल्या. चालक कुठले रस्ते धरतो यावरून त्याला काय सोयीचं वाटतं आणि तो कुठे निघाला असेल, हे त्यांनी गणिताने काढलं. माणूस दर वेळी उत्तम रस्ताच घेईल असं त्यात धरलेलं नाही. बऱ्या रस्त्याकडे त्याचा कल असतो, एवढंच. पुढे 2015 मध्ये शेरविन जावदानी, सिद्धार्थ श्रीनिवास आणि ड्रू बॅग्नेल यांनी हाच विचार यांत्रिक हाताला लावला. जॉयस्टिक जराशी कलली की टेबलावरची कुठली वस्तू हवी असण्याची शक्यता किती, हे मोजत हात मदतीला लागतो, पुरती खात्री होण्याची वाट न बघता. माझं मॉडेल, म्हणजे माणसाला काय हवंय याचा अंदाज बांधणारं गणित, याच घराण्यातलं.

आणि मग आजोबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी महिनाभर पुण्याला आले आणि पहिल्याच दुपारी म्हटलं, आज मी भरवते. प्रयोगशाळेत जसं ठरवलं होतं तसंच मी केलं. मागच्या घासाला इतके सेकंद झाले, तोंड उघडं दिसलं, की चमचा आत. चौथ्या घासाला ठसका लागला. आजोबांचा चेहरा लाल झाला आणि माझे हात कापायला लागले. तुम्ही शांतपणे त्यांना सावरलंत, चमचा हातात घेतलात आणि मला म्हणालात, "तोंडाकडे नको बघू. कंठाकडे बघ."

त्या महिन्यात मी तुमच्या शेजारी बसून जे पाहिलं, ते मला कुठल्याही शोधनिबंधात इतकं नीट उलगडलेलं दिसलं नव्हतं. उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. चमचा डावीकडून, कारण उजव्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना ते कळतही नाही. कंठ हलला तरी घाई नाही. पुन्हा एकदा हलू द्यायचा. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. ताकाच्या वाटीकडे नजर गेली की आधी ताक. डाव्या अंगठ्याने चादरीची कड दाबली की बस, आता नको. हा अंगठा घरात कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

आणि चमचा तुम्ही ओठांपासून वीतभर अलीकडे थांबवायचात. "घास दाखवायचा," तुम्ही म्हणालात, "घ्यायचा की नाही ते त्यांचं ते ठरवतील." आजोबा मग मान जराशी पुढे करायचे. त्या तेवढ्या हालचालीत त्यांचा सगळा मान शाबूत असायचा.

मी तेव्हा व्हिडिओ काढायची परवानगी मागितली होती. तुम्ही म्हणालात, त्यांना विचार. मी आजोबांना विचारलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मोबाईल ठेवून मी वही उघडली. आजही सहभागी माणसांची संमती घेताना मला ती भिंतीकडे वळलेली मान आठवते, आणि सही झालेली असली तरी मी दर जेवणाआधी पुन्हा विचारते.

परत आल्यावर मी मॉडेल मुळापासून बदललं. आधी त्यात ताटातला कुठला ना कुठला पदार्थ हवाच असणार, असं धरलेलं होतं. 'आत्ता काहीच नको' हे मी त्यात इतर इच्छांच्या बरोबरीने घातलं. ही एक ओळ लिहायला मला तीन वर्षं आणि तुमच्या सोबतीचा एक महिना लागला. यांत्रिक हातही आता ओठांच्या अलीकडे थांबतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं की इतरांसोबत बसून जेवताना पुढच्या घासाची वेळ इतरांच्या बोलण्या-खाण्यावरही ठरते. ते वाचताना तुम्हीच डोळ्यांपुढे आलात; आजोबांशी गप्पा मारता मारता तुम्ही चमचा किती वेळ वाटीतच धरून ठेवायचात!

तो अंगठा मात्र माझ्या मॉडेलला अजून येत नाही. तो फक्त आजोबांचा होता. दुसऱ्या माणसाची खूण दुसरी असणार, ती त्याच्याजवळ बसूनच शिकावी लागणार. आणि इथले बहुतेक प्रयोग काट्याने टोचता येणाऱ्या फळांच्या फोडींवर चालतात. तुमचा मऊ वरणभात, वर तूप सोडलेला, यंत्राला अजून फार अवघड आहे. पुढची दोन वर्षं मी त्यावरच काम करणार आहे.

आजोबा जाऊन आता वर्ष होईल. शेवटपर्यंत ते तुमच्या हातून, त्यांच्या मर्जीने, त्यांच्या वेळेने जेवले. हे ऋण कशाने फिटेल ते मला माहीत नाही, मावशी.

डिसेंबरमध्ये घरी येतेय. तुम्ही हल्ली ज्या आजींकडे जाता तिथेच भेटायला येईन. त्यांची जेवणाची वेळ तेवढी कळवा, म्हणजे ती सोडून येते.

तुमची,
आजोबांची नात