घराची किंमत आणि मालकाचा वर्ण

अमेरिकेत घरे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली, याचे खापर केवळ व्याजदर आणि टंचाईवर फोडून चालणार नाही. १९३०च्या दशकात तिथल्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्ज देण्यास धोक्याच्या म्हणून लाल रंगात दाखवल्या गेल्या. अशा वस्त्यांत गृहकर्ज मिळणे मुश्कील झाले. १९६८च्या कायद्याने घरविक्रीतील वर्णभेदाला बंदी घातली खरी, पण तोवर अनेक गोऱ्या कुटुंबांकडे घराच्या रूपाने भांडवल साठले होते. आजही काही कृष्णवर्णीय मालक मूल्यांकन करणारा यायच्या आधी भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो उतरवून ठेवतात. का, तर घराची किंमत कमी लावली जाऊ नये म्हणून! हे संतापजनक आहे. नवी घरे बांधाच, पण मूल्यांकन आणि कर्जमंजुरीचीही कडक तपासणी व्हायला हवी.