मुक्कामाच्या शेवटी कलाकाराची झडती नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत आर्टिस्ट रेसिडेन्सींवर, म्हणजे कलाकारांना काही काळ राहून काम करायला जागा देणाऱ्या संस्थांवर, आलेला लेख वाचला, आणि त्यावरचं एका वाचकाचं पत्रही. देणगीदारांच्या पैशावर एखादा चित्रकार किंवा लेखक महिनाभर झाडाझुडपांत राहणार असेल, तर निघताना त्यानं काय काम केलं ते दाखवलंच पाहिजे, असं त्या पत्रात म्हटलं आहे. पैसा दुसऱ्याचा असला की हिशेब आलाच, हे मलाही मान्य आहे. पण तो कधी मागायचा आणि कशाचा, याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. मी प्रिंटमेकर आहे, वुडकट करते, म्हणजे लाकडावर चित्र कोरून त्याचे कागदावर छाप घेते. अशा मुक्कामांना कलाकार म्हणून गेले आहे आणि एका निवड समितीत बसून इतरांचे अर्जही वाचले आहेत. चाळणी लावायची ती आत घेताना लावावी, हवी तेवढी बारीक लावावी. एकदा आत घेतलं की त्या माणसाला मोकळं सोडावं आणि निघताना त्याची झडती घेऊ नये.

एक प्रसंग सांगते. नदीकाठच्या जंगलातल्या एका रेसिडेन्सीत मी होते. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी कोरणी हातातच घेतली नाही. साठलेली झोप काढली, चालत राहिले, पाऊस आला की खिडकीशी बसले. वाटेत एक जुनं झाड उन्मळून पडलेलं होतं आणि त्याची साल सुटू लागली होती. एक तुकडा उचलून पाहिला तर खालच्या लाकडावर किड्यांनी कोरलेल्या रेघा. मधोमध एक सरळ बोगदा, त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेले बारीक फाटे. सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्याची मादी मधला बोगदा कोरत जाते आणि त्याच्या कडेनं अंडी घालते. अळ्या बाहेर पडल्या की मधल्या बोगद्यापासून दूर, सालीचा आतला थर खात सुटतात. अळी वाढेल तसा तिचा बोगदा रुंद होत जातो. त्यामुळे प्रत्येक फाटा केसाएवढा बारीक सुरू होतो आणि टोकाला चांगला काडीएवढा जाड होऊन संपतो.

इतकी वर्षं मी कोरणी कमीजास्त दाबून रेघेची जाडी ठरवत आले. रेघ जाड होण्यामागे वाढ हे कारण असू शकतं, हे त्या लाकडापाशी बसल्यावर कळलं. पुढे मी रोज तिथं जात राहिले. पातळ कागद लाकडावर धरून पेन्सिल आडवी घासायची आणि ठसे घ्यायचे. आज माझ्या वुडकटमध्ये रेघ जशी वागते, तिचं मूळ त्या ठशांत आहे. पण ते दिसायला मुक्काम संपून बरेच महिने जावे लागले. निघताना जो फॉर्म भरायचा असतो, त्यात ‘पूर्ण झालेल्या कलाकृती’ असा रकाना असतो. त्यात हे कुठे लिहायचं?

त्याच रेसिडेन्सीत दर आठवड्याला कामाचे फोटो मागितले जात, संस्थेच्या सोशल मीडियावर टाकायला. मागणाऱ्या मुलीचा काही दोष नव्हता, तिला वरून सांगितलेलं होतं. माझी पद्धत अशी की लाकडाच्या एकाच ब्लॉकवर टप्प्याटप्प्यानं कोरत जायचं. आधी सर्वात फिका रंग सगळ्या प्रतींवर छापून घ्यायचा, मग तोच ब्लॉक आणखी कोरायचा, त्यावर दुसरा रंग, मग पुन्हा कोरायचं. मागचा टप्पा कायमचा गेलेला असतो. चौथा-पाचवा रंग बसेपर्यंत कागदावर नुसते डाग असतात. त्यात जंगलातली हवा दमट. कागद ओल धरतो, किंचित फुगतो आणि दुसरा रंग पहिल्याच्या जागेवर बसत नाही. म्हणून मी दिवसचे दिवस कागद सारखा ओलसर ठेवायचं तंत्र जमवत होते. याचा फोटो काय काढणार? शेवटी मला दिसायला बरं काहीतरी करून द्यावं लागलं. एक पान, एक पक्षी, एका रंगातलं. त्यात एक अख्खा आठवडा गेला. त्या चित्राला खूप पसंती मिळाल्याचं मला कळवण्यात आलं. जाताना संग्रहासाठी एक प्रिंट, पाहुण्यांना आपलं काम दाखवायचा ओपन स्टुडिओ आणि एक कार्यशाळा, हे सगळं होतंच.

हिशेब मागण्याची ही सवय जुनी आहे. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ साली, फ्रान्सनं रोममध्ये आपली अकादमी काढली. १८०३ पासून ती व्हिला मेडिचीत आहे. स्पर्धेत निवडून आलेल्या तरुण कलाकारांनी तिथं राहायचं आणि केलेलं काम ठरल्या मुदतीत पॅरिसला पाठवायचं, असा दंडक होता. १८८४ साली ही शिष्यवृत्ती क्लोद द्यबुसी या तरुण संगीतकाराला मिळाली. बाग सुंदर, राहण्याची सोय उत्तम, आणि हा माणूस तिथं कमालीचा कंटाळलेला. त्यानं पाठवलेल्या एका रचनेवर पॅरिसच्या ललित कला अकादमीनं १८८७ साली शेरा मारला की असल्या संदिग्ध ‘इम्प्रेशनिझम’पासून सावध राहावं. ज्या गुणासाठी पुढे जगानं द्यबुसीला डोक्यावर घेतलं, नेमका तोच हिशेबनिसांना दोष वाटला होता. मुदतीत आलेलं काम तपासणाऱ्याला कालपर्यंतचीच फूटपट्टी लावता येते, दुसरी त्याच्याकडे नसते.

याच्या शेजारी मेरियन मॅकडॉवेल यांची गोष्ट ठेवून पाहा. त्या पियानोवादक, पती एडवर्ड संगीतकार. १८९६ साली त्यांनी अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या पीटरबरो इथं एक शेत घेतलं आणि एडवर्ड यांना झाडीत एक लाकडी खोपटं बांधून दिलं. दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं नाही. १९०७ साली त्याच जागेवर इतर कलाकारांसाठी रेसिडेन्सी सुरू झाली. पुढच्याच वर्षी एडवर्ड गेले. मेरियनबाई गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून पैसा उभा करत राहिल्या. १९३८ साली चक्रीवादळात तिथली झाडं मोठ्या प्रमाणावर आडवी झाली, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. त्यांनी पुन्हा पैसा जमवला आणि संस्था उभी ठेवली. आज तिथं तीसहून अधिक स्टुडिओ आहेत. राहण्याचे पैसे घेत नाहीत. जेवणाची टोपली अजून दाराशी येते आणि बोलावल्याशिवाय कोणी कोणाच्या स्टुडिओत जात नाही. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या टांगलेल्या असतात. तिथं काम करून गेलेली माणसं त्यावर आपलं नाव आणि तारीख लिहून जातात.

त्या टोपलीबद्दल मला फार आदर आहे. रानातली शांतता आयती मिळते असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात कोणीतरी पहाटे उठून स्वयंपाक केलेला असतो, कोणीतरी टोपली घेऊन पायवाट तुडवलेली असते, गळकं छप्पर शाकारलेलं असतं, पडलेल्या फांद्या उचललेल्या असतात. दहा माणसांनी कष्ट करून अकराव्या माणसाला दिलेला निवांतपणा असतो तो. म्हणूनच तो देऊन झाल्यावर फोटोच्या मागण्यांनी मोडून टाकणं मला क्लेशकारक वाटतं.

निसर्गाचा यात नेमका काय वाटा, असंही त्या वाचकांनी विचारलं आहे. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ साली यावर सविस्तर मांडणी केली. प्रयत्नपूर्वक लावलेलं लक्ष वापरून थकतं. पानांची हालचाल, ढग, वाहतं पाणी या गोष्टी मन गुंतवतात, पण त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष पुन्हा ताजं होतं. माझा अनुभव याला पूर्ण जुळतो. जंगल गप्प नसतंच. रातकिडे, वारा, पाणी, रात्रभर काही ना काही चालू असतं. पण त्यातला एकही आवाज माझ्याकडे उत्तर मागत नाही. यजमानांनीही तेवढंच पाळावं, एवढीच माझी मागणी आहे.

सुरुवातीचा रिकामा काळ हा आळस नव्हे, हेही ठासून सांगायला हवं. कवयित्री सिल्व्हिया प्लाथ १९५९च्या शरद ऋतूत याडो या रेसिडेन्सीत होती. तिच्या त्या दिवसांच्या डायरीत काही सुचत नसल्याची तगमग आहे. कविता येऊ लागल्या त्या पुढे, आणि तिथं लिहिलेल्या कविता तिच्या पहिल्या संग्रहात आहेत. पंधराव्या दिवशी तिच्याकडे कोणी प्रगतीचा अहवाल मागितला असता तर तिनं काय लिहिलं असतं?

आता पैशाकडे वळते, कारण तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. निवड समितीत आम्ही अर्जदाराचं मागचं काम पाहायचो. एकेका अर्जावर वाद व्हायचे. एका शिल्पकाराच्या अर्जात पुढे काय करणार हे धड लिहिलेलंच नव्हतं, पण सोबतची छायाचित्रं पाहून समितीतले सगळे थांबले. दहा वर्षं एका माणसानं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केलेला त्यात दिसत होता. तीच त्याची जामीनकी. देणगीदाराला द्यायचा हिशेब हाच आहे की आम्ही अर्ज नीट वाचले, जाणकारांकडून निवड करून घेतली, ओळखीपाळखीला थारा दिला नाही आणि खोल्या कोरड्या ठेवल्या. हा हिशेब संस्थेनं दरवर्षी चोख द्यावा. तो कलाकाराच्या गळ्यात घालू नये.

कलाकारांनी स्वतः कमवून खावं असं ज्यांना वाटतं त्यांना चोळमंडलचं उदाहरण सांगते. १९६६ साली के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सोबतच्या तरुण चित्रकारांनी मद्रासजवळ समुद्रकिनारी ही वसाहत उभारली. बाटिकसारख्या (मेण लावून कापड रंगवण्याच्या) हस्तकला विकून त्यांनी खर्च भागवला, तो अशासाठी की पोट त्यावर चालावं आणि चित्र गिऱ्हाइकाच्या मर्जीपासून सुटं राहावं. स्वतः कमावणाऱ्यांनीही चित्राभोवतीची जागा अशी मोकळी राखली होती. मग जिथं देणगीदार आधीच पैसे देऊन मोकळा झाला आहे, तिथं आपण ती का बुजवावी?

कलाकारानं काहीच देऊ नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः त्या नदीकाठच्या मुक्कामात स्वयंपाकघरातल्या बाईंच्या मुलीला रोलर कसा फिरवायचा ते शिकवलं, तिनं रबराच्या तुकड्यावर कासव कोरलं, आणि ती दुपार मला ओपन स्टुडिओपेक्षा कितीतरी मोलाची वाटली. कोणी सांगितलं म्हणून ते केलं नव्हतं. बहुतेक कलाकार असं काहीतरी करतातच. अट घातली की मात्र त्याची हजेरी होते.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. अखंड महिनाभर घर सोडता येईल अशी माणसं थोडी असतात. लहान मुलांच्या आया, आजारी माणसाची सेवा करणारे, सुट्टी न मिळणारे नोकरदार यांचे अर्जच येत नाहीत, आणि आम्ही समितीत बसून चांगले अर्ज कमी आले म्हणून हळहळतो. आठवड्याचे छोटे मुक्काम ठेवले, मुलाला सोबत आणायची परवानगी दिली, तर हे चित्र पालटेल.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत रेसिडेन्सींच्या अर्जांची निवेदनं येतात. ती फार उपयोगी आहेत, माझ्या दोन विद्यार्थिनी त्यातूनच गेल्या. त्यातली एक जण पोचल्यावर तिला कळलं की खोलीचं भाडं वेगळं द्यायचं आहे आणि तिथं केलेल्या चित्रांपैकी दोन संस्थेकडे राहणार आहेत. म्हणून विनंती अशी की निवेदन छापण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचाराव्यात: राहण्याजेवणाचा खर्च कोणाचा, मुक्कामात आणि शेवटी कलाकाराकडून काय मागितलं जातं, केलेल्या कामावर हक्क कोणाचा, आणि मुलाला सोबत आणता येतं का. अंतिम तारीख आपण ठळक छापताच, तिच्याखाली ही उत्तरं दोन ओळींत बसतील. जी संस्था उत्तर देणार नाही, तिच्या नावापुढे तसं छापावं.

आपली,
एक प्रिंटमेकर वाचक