केळीला बी नसते, मंत्रीमहोदय. शब्दाला तरी असावे

मा. मंत्रीमहोदय यांस,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या मेळाव्यात आपण दोन शब्द दिले होते: सदोष रोपांची भरपाई, आणि रानकेळींचा संग्रह करून नव्या वाणांवर काम. टाळ्या मीही वाजवल्या. काल कागद हातात पडला. 'पाण्याच्या ताणामुळे वाढ खुंटली, भरपाई अमान्य.' माझ्या विहिरीला मे महिन्यातही पाणी होते. ते बघायला बांधावर कुणी फिरकले नाही. पंचनामा चहाच्या टपरीवरच उरकला असावा.

द्राक्षाने दोनदा बुडवले म्हणून निफाडची दोन एकर बाग तोडून जी-नाईन जातीची केळी लावली. 2,900 टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपे, सोळा रुपयांनी. त्यातली 340 खुजी निघाली. घरची म्हणते चारशेच्या वर. तिने तीनदा मोजली, मला दुसऱ्यांदा मोजवले नाही. पाने आखूड, गच्च, एकात एक अडकलेली. निसवले तेव्हा घड बुंध्यातच रुतून बसले. शेजारचे झाड त्याच ठिबकवर, तेच खत खाऊन, डोक्याच्या वर गेलेले. पाण्याचा ताण झाडे निवडून पडतो का, साहेब? एकाच कंदापासून बाटलीत पुन्हा पुन्हा, मर्यादा सोडून रोपे काढत गेले की अशी बिघडलेली वाढतात. रोपवाटिकेला हे ठाऊक असते. फोन मात्र ती उचलत नाही.

मी 1994 चा बी.एस्सी. आहे. कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर चिरडून 16 गुणसूत्रे मोजलेला नाशिककर. म्हणून व्यासपीठावर कुणी न सांगितलेले सांगतो. रानकेळीत गुणसूत्रे 22, आणि फळ बियांनी असे भरलेले की दात हलावा. आपल्या जी-नाईनमध्ये 33, म्हणजे अकराचे तीन संच. जोड्या लावायला गेले की तिसरा उरतो, आणि म्हणून बी धरत नाही. खाणाऱ्याची चैन, झाडाचा वंश खुंटला. मुनवा, म्हणजे बुंध्यालगतचा कोंब लावा की बाटलीतले रोप, देशभर तेच एक झाड उभे आहे. ग्रो मिशेल नावाची केळी अशीच जगभर होती. 1950 च्या दशकात पनामा मर रोगाने तिचा धंदा संपवला. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटातच आपली जी-नाईन येते, आणि या गटाला मारणारी त्याच रोगाची नवी जात बिहार, उत्तर प्रदेशात येऊन ठेपली आहे. ती मातीत वर्षानुवर्षे टिकते. जळगाव तिथून किती लांब?

उपाय रानात आहे, पण सोपा नाही. एकाच जातीच्या रानकेळींतही गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. दोन वेगळ्या ठिकाणच्यांचा संकर केला तर पराग अर्धामुर्धा मेलेला. रोगाला टिकणारा गुण अशा अदलाबदलीच्या तुकड्यात असला, तर सोबत नको ते गाठोडेही येते. 33 वाल्यातून चुकूनमाकून बी मिळवायचे, 44 चे झाड करायचे, ते पुन्हा 22 वाल्याशी जोडून 33 वर आणायचे. होंडुराससारख्या लहान देशाने त्यात उभी हयात घातली. आपल्याकडे त्रिचीला 1993 पासून केळी संशोधन केंद्र आहे. ते तमिळनाडूत, इथे काय?

इथे आपला फलक. 'रानकेळी संवर्धन' लिहिलेले, आणि खाली चित्र कवदराचे! सह्याद्रीच्या कड्यावर पावसाळ्यात फुटणारे कवदर केळीच्याच कुळातले खरे, पण घराणे निराळे, गुणसूत्रे 18. केळीच्या संकरात त्याचा काय उपयोग? फलक छापणाऱ्याला बिल मिळाले असेल, मला खात्री आहे. आमची फाईल तेवढी पोर्टलवर अडकते.

सिंहस्थासाठी रस्ते रातोरात होतात, हे नाशिककर बघतोच आहे. तिथे पैसा आहे, आणि माणसेही. शेतकऱ्याची पाळी आली की सर्व्हर डाउन, साहेब दौऱ्यावर, नाहीतर 'वरून आदेश नाहीत'. आता वर तुम्हीच बसला आहात ना?

बांधावर येऊन पंचनामा करा. संग्रहाची जागा आणि त्यासाठीची रक्कम कागदावर दाखवा. खुजी झाडे मी अजून उपटलेली नाहीत. पोरगा म्हणतो, गुरांना घाला. येत्या सोमवारपर्यंत थांबतो, मग घालतो.

आपला,
निफाडचा एक केळी उत्पादक