बेरोजगाराची मागणी रास्तच

अमेरिकेतील एका बेरोजगाराने सरकारकडे स्वतःसाठी ‘बेलआउट’ (बुडत्याला सावरणारी सरकारी आर्थिक मदत) मागितल्याची बातमी वाचली. काहींना ही मागणी विचित्र वाटेल. मला ती रास्त वाटते. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वित्तसंस्था सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. त्याआधी सप्टेंबरमध्येच एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले होते. सरकारी पैशावर तगलेल्या याच कंपनीने मार्च २००९ मध्ये सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले. नोकरी गेलेल्याला मात्र बहुतेक राज्यांत एरवी २६ आठवडेच भत्ता मिळतो (मंदीत ही मुदत वाढवली, हे मान्य), तोही जुन्या पगारापेक्षा बराच कमी. त्यातून घराचे हप्ते कसे फिटणार?

बँका बुडाल्या तर अर्थव्यवस्थाच कोसळेल, हा युक्तिवाद मी नाकारत नाही. पण गृहकर्जाचे हप्ते थकल्यामुळेच तर या बँका अडचणीत आल्या. मदत आधी कर्जदाराच्या हाती गेली असती, तर त्याचे घर वाचले असते आणि बँकेचे येणेही वसूल झाले असते.

– एक वाचक