रविवारी झाझ ऐकायला या

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्या जागी, आपण झाझ ऐकणार आहोत. ही फ्रेंच गायिका, मूळ नाव इझाबेल जफ्रुआ, १९८० साली फ्रान्समधल्या तूर शहराच्या परिसरात जन्मली. पॅरिसमध्ये मोंमार्त्र भागातल्या रस्त्यांवर ती गायची. तिचा खरखरीत, मोकळा आवाज शांसों (शब्दप्रधान फ्रेंच गाणी), जॅझ आणि सोल (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गायन) या तिन्हींत सारखाच रमतो. २०१० च्या पहिल्या अल्बममधल्या गाजलेल्या गाण्यात ती मध्येच नुसत्या तोंडानं पिपाणीसारखा तुकडा वाजवते. तिथे नीट कान द्या! २०१४ च्या ‘पारी’ अल्बममधलं नामवंत फ्रेंच गायक शार्ल अझ्नावूरबरोबरचं युगुलगीत तर चुकवूच नका, माझ्या मते तिथे ती सर्वांत खुलते. गाण्यांच्या अर्थाचे कागद जागेवर मिळतील. कृपया वेळेवर या आणि मोबाइल बंद ठेवा.