मंडईच्या नाटकासाठी आवाहन : माती, तनीस आणि थोडी शिस्त

समस्त गावकरी, लेकी-जावई, पाहुणे मंडळी आणि नागपूर-पुण्याकडे कामाला गेलेली पोरे, सर्वांस नमस्कार.

भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतील आणि धानाचे भारे घरी आले की आपल्या गावचे नाटक होईल. वडशाच्या नाटक कंपनीशी बोलणी झाली आहे. वर्गणी दरवर्षी मागतो, यंदाही मागणार आहोत. पण यंदा पैशापेक्षा माती, बांबू, तनीस (धानाचा पेंढा), ताडपत्र्या आणि माणसांचे हात जास्त लागणार आहेत. ते कशासाठी, हे नीट सांगितल्याशिवाय मागणे बरोबर नाही.

नाटकात गोंगाट झाला की आपण पोट्ट्यांना दोष देतो. त्यात तथ्य आहे, पण निम्मेच. ज्याला दिसत नाही तो उभा राहतो. तो उभा राहिला की मागचे दहा जण 'बस ना बे' म्हणून ओरडतात. जिला बाहेर जायला वाट नाही ती बाई बसलेल्यांच्या मांड्या तुडवत जाते. ज्याच्या बुडाखाली गारठा आहे तो मध्यरात्रीनंतर शेकोटीकडे उठतो आणि तिथे चार जण मिळाले की गप्पा सुरू. तेव्हा आधी जागा सुधारू, मग शिस्तीचे बोलू.

नाटक आजवर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होत आले. बांधी सपाट असते. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात आणि पुढच्याचे डोके पावणेतीन फुटांपर्यंत जाते. काही ओळी मागे गेले की कलावंताचे पाय दिसेनासे होतात, आणि लावणीत तर पायच पाहायचे असतात. म्हणून यंदा आखरावर, म्हणजे गुरे गोळा होतात त्या गावच्या मोकळ्या जागेवर, ऐंशी फूट रुंद आणि साठ फूट खोल जागा उताराची करायची आहे, मागचे टोक पुढच्यापेक्षा तीन फूट उंच. माती बाहेरून आणून भरायची तर सुमारे बहात्तर ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. त्याऐवजी रंगमंचाकडची बाजू दीड फूट खणायची आणि तीच माती मागे दीड फूट चढवायची, म्हणजे अठरा ब्रास माती हलवून काम होते. जुन्या लोकांनी खड्डा करून प्रेक्षक बसवण्याची पद्धत ठेवली ती उगाच नव्हे. पुढची जमीन खाली गेल्याने रंगमंचही मूळ जमिनीपासून दोनच फूट उंच बांधावा लागतो, पुढे बसलेल्याला तो साडेतीन फूट मिळतो आणि त्याची मान अवघडत नाही.

यात दोन गोष्टी बिघडू शकतात. मागे टाकलेली माती पाणी मारून आणि ट्रॅक्टर फिरवून दाबली नाही, तर माणसे बसल्यावर ती खचते आणि तिथे ठेवलेल्या खुर्च्या कलंडतात. दुसरे, अवकाळी पाऊस आला की खणलेल्या भागाचे डबके होते, म्हणून रंगमंचाच्या पायथ्याशी एक फूट रुंद नाली काढून ती आखराच्या उतारापर्यंत न्यावी लागेल. जेसीबीला अर्धा दिवस, ट्रॅक्टर एक, आणि फावडे-घमेले घेऊन वीस माणसे दोन सकाळी. जागेसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिलेला आहे, ठराव झाल्यावरच खणायला सुरुवात होईल.

बसण्याच्या जागेत चार-चार फुटांच्या तीन उभ्या वाटा सोडायच्या आहेत. त्या सोडूनही सुमारे आठशे माणूस ऐसपैस बसतो. वाटेच्या कडेला दोरी बांधायची नाही, अंधारात पाय अडकून माणूस पडतो. चुन्याची पट्टी मारून कडेला बांबू अर्धा गाडायचा आणि दर दहा फुटांवर टिनाच्या टोपीखाली एक छोटा एलईडी दिवा ठेवायचा, उजेड फक्त जमिनीवर पडेल असा. वाट दिसली की मोबाईलची बत्ती लागत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका बत्तीने ती सगळी वाया जातात, पेटवणाऱ्याची आणि आजूबाजूच्यांचीही. वाटेवर कोणी चादर अंथरू नये. जागा धरण्यासाठी दुपारीच सातरंज्या टाकून जाणाऱ्यांना सांगणे एवढेच, की पहिली घंटा होईपर्यंत माणूस आला नाही तर सातरंजी गुंडाळून बाजूला ठेवली जाईल.

आता तनीस. ताडपत्रीखाली चार बोटे तनीस असली की गारठा वर येत नाही. घरटी दोन भारे मिळाले तरी पुरे. पण तनीस आणि विडी यांचे जमत नाही. तनीस ताडपत्रीच्या कडेबाहेर येऊ द्यायची नाही, शेकोट्या शंभर फुटांच्या आत नकोत, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याने कनातीबाहेरच जावे. चारही कोपऱ्यांना पाण्याचा एकेक ड्रम आणि रेतीच्या तीन-तीन बादल्या लागतील. बादल्या आणि ड्रम उसने द्यावेत ही विनंती. खर्ऱ्याबद्दल, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेल्या सुपारी-तंबाखूबद्दल, वेगळे सांगावे लागते. पुढच्या ओळींत दहा-बारा जण पन्नी चोळू लागले की तो चरचर आवाज माईक उचलतो. खर्रा घोटायचाच असेल तर पडदा पडल्यावर बाहेर घोटा, आणि थुंकायला पानठेल्याजवळ रेतीचे डबे ठेवू. भाड्याच्या ताडपत्रीवर डाग पडला तर त्याचे पैसे मंडळाला, म्हणजे तुम्हालाच, भरावे लागतात.

आवाजाचे गणित समजून घेतले तर बरेच भांडण मिटेल. आपल्याकडे माईक वरून टांगलेले असतात. कलावंत माईकपासून चार फुटांवर असेल तर जेवढा आवाज जातो, तो आठ फुटांवर गेला की सहा डेसिबलने कमी होतो. मग साउंडवाला आवाज वाढवतो. वाढवला की पहिल्या ओळीतले बोलणे, रडणारे लेकरू, पन्नी, सगळेच वाढते. आणखी वाढवला की भोंग्यातला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि कान फाडणारी शिट्टी बसते. लोक साउंडवाल्याला शिव्या देतात, पण त्याला हात वर न्यायला लावलेले असते ते पुढच्या गलक्याने. म्हणून वादकांच्या बैठकीपासून पुढे सहा फूट जागा मोकळी राहील आणि तिथे लेकरांना बसवले जाणार नाही.

आणि प्रॉम्प्टर विसरू नका. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचा, कलावंत हंगामात जवळजवळ रोज नव्या गावात उभा राहतो, आज एक नाटक तर उद्या दुसरे. तालमीला वेळ थोडा. विंगेतला प्रॉम्प्टर पुढचे वाक्य देतो म्हणून खेळ चालतो. प्रॉम्प्टर मोठ्याने बोलू शकत नाही, कारण माईक त्याचाही आवाज उचलेल. समोर गलका असला की कलावंताला त्याचे वाक्य ऐकू जात नाही आणि मग आपण म्हणतो, याला पाठ नाही. टॉकीजमध्ये तुम्ही बोललात तर पडद्यावरच्या नटाला काही फरक पडत नाही, इथे पहिल्याच वाक्याला पडतो. याच रंगभूमीवरच्या कामासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. तो मान साऱ्या झाडीपट्टीचा आहे, तेव्हा समोर बसणाऱ्यांनीही तसेच बसावे.

वन्स मोअर द्या, जरूर द्या. ती आपली रीत आहे, तिच्याशिवाय गाणाऱ्याला रात्र चढत नाही. फक्त गाणे संपल्यावर द्या, मध्यावर नको. शेवटची सम पडण्याआधी आरडाओरड झाली की वादकांचा ताल सुटतो आणि गाणे धड एकदाही होत नाही. एका गाण्याला एकच. एक वन्स मोअर चार-पाच मिनिटांचा धरला तर दहा वन्स मोअरनी पाऊण तास जातो, आणि तो कापला जातो शेवटच्या अंकातून, जिथे सगळी गोष्ट उलगडायची असते.

बक्षिसाचे पैसे रंगमंचावर फेकू नयेत, वर चढून कलावंताच्या हातात देऊ नयेत. कार्यकर्त्याकडे द्यावेत, पावती घ्यावी, अंक संपल्यावर एकत्र जाहीर होतील. देणगीदारांची नावेही चालू प्रवेशात माईकवरून पुकारली जाणार नाहीत. बाप मरतो आहे, पोरगी रडते आहे आणि मधेच 'अमक्याकडून पाचशे एक' असे ऐकू आले की मरणारा बापही हसतो. नावे फलकावर लिहिली जातील आणि पहिल्या अंकाआधी एकदा वाचली जातील. उद्घाटन, शाल-श्रीफळ, भाषणे मिळून वीस मिनिटे. पुढाऱ्यांना हे आधीच कळवले आहे. तरी कोणी लांबवलेच तर टाळ्या लवकर वाजवाव्यात.

स्त्री कलावंतांबाबत मात्र विनंती नाही, नियम आहे. शिट्टी गाण्याला चालेल. अचकट बोलणे, मेकअपच्या खोलीत डोकावणे, फोटोसाठी हात धरणे चालणार नाही. असे करणारा गावचा असो की पाहुणा, त्याला बाहेर काढले जाईल. दारू पिऊन आलेल्याला आत सोडलेच जाणार नाही.

मोबाईल सायलेंट. फ्लॅशचा उजेड दहा फुटांपलीकडे कामाचा नसतो, त्याने फोटो उजळत नाही, कलावंत मात्र दिपतो. हात वर करून चित्रण करणाऱ्याच्या मागे पाच-सहा जणांना फक्त त्याचा मोबाईल दिसतो. शिवाय हेच नाटक कंपनी उद्या दुसऱ्या गावात तिकिटावर करणार असते. आपण आज सगळे नेटवर टाकले तर तिथल्या मंडळाची तिकिटे कोण घेईल? आठवण म्हणून शेवटी सर्व कलावंत रंगमंचावर येतील तेव्हा दिवे पूर्ण लावू, तेव्हा काढा.

बायकांच्या बाजूचे प्रसाधन ही यंदाची सर्वांत निकडीची गरज आहे. दोन अंकांमध्ये दहा मिनिटे मिळतात. एकीला दोन मिनिटे धरली तर एका आडोशात पाच जणी होतात. चार आडोशांत वीसच. बाकीच्या चालू नाटकात उठतात आणि बोलणी खातात. निदान आठ आडोसे हवेत: बांबू, टिना किंवा जाड कनात, प्रत्येकात बादली, मग आणि दिवा, वाटेवर दोघी कार्यकर्त्या. त्यासाठी महिला बचत गटांनी पुढे यावे. लेकुरवाळ्यांनी वाटेच्या कडेला बसावे. मागच्या कोपऱ्यात जाड तनसीचे अंथरूण करून झोपलेल्या लेकरांची सोय केली जाईल. लेकराच्या खिशात बापाचे नाव, गाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

बाहेरगावच्या मंडळींनी मध्यरात्री उठून जंगलाच्या वाटेने परतू नये. आपल्या भागात वाघ-बिबट आहेत. ज्यांना थांबता येत नाही त्यांनी चार-पाच जण मिळून, बत्ती घेऊन निघावे. बंड्या (बैलगाड्या), ट्रॅक्टर आणि मोटारसायकली रंगमंचाकडे पाठ करून लावा, नाहीतर निघताना हेडलाईटचा झोत सरळ नटाच्या डोळ्यांत जातो. चहा आणि आलूबोंड्याची दुकाने शंभर फुटांवर, भोंग्याविना. कोणाला अचानक त्रास झाला तर १०८ ला फोन करा आणि लगेच कार्यकर्त्याला सांगा, रुग्णवाहिकेसाठी आखराचा मुख्य रस्ता रिकामा ठेवलेला असेल.

हिशेबाने मागतो: घरटी दोन भारे तनीस, ऐंशी बांबू, अठरा बाय चोवीसच्या दहा ताडपत्र्या, चार ड्रम, बारा बादल्या, तीस एलईडी दिवे, चाळीस लिटर डिझेल. रोख पस्तीस हजार रुपये, त्यात कंपनीचे मानधन नाही, ते तिकिटातून निघेल. ही रक्कम जेसीबी, प्रसाधनाच्या टिना, वाटांची वायरिंग आणि दोनशे फुटांवर ठेवायच्या जनरेटरची जाड केबल यांसाठी आहे. बारीक केबल लांबवली की दाब उतरतो आणि रंगमंचावरचे दिवे पिवळे पडतात. रात्री पाळीने वाटा सांभाळायला चोवीस कार्यकर्ते हवेत, पैकी दहा बायका.

पैसे देणाऱ्यांनी छापील पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला आहे, व्हॉट्सॲपवर फिरणारा कोणताही क्यूआर कोड आमचा समजू नये. बाहेरगावच्या पोरांनी घरच्यांकडून फलकाचा क्रमांक खात्री करून घ्यावा. जमाखर्च नाटकानंतर आठ दिवसांत त्याच फलकावर लागेल.

ताडपत्री, ड्रम आणि बादली देणाऱ्यांनी कोपऱ्यावर ऑइल पेंटने नाव लिहून द्यावे. वस्तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरपोच येतील. ताडपत्री ओली आली तर घडी घालून ठेवू नका, आधी उन्हात वाळवा.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते